घराचा राडारोडा जातो कुठे?

पाऊस संपला, सुगी आवरली की आपल्याकडे घरांची कामं निघतात. कुणाच्या घरकुलाचा पहिला हप्ता जमा झालेला असतो, कुणाचं जुनं माळवद गळायला लागलेलं असतं, कुणाला एक खोली वाढवायची असते. घर कसं बांधायचं, सिमेंट कुठलं घ्यायचं, गवंडी कोण चांगला, यावर आपण महिना-महिना बोलतो. पण जुनं घर पाडल्यावर जो ढीग पडतो आणि नवं बांधताना जो दुसरा ढीग तयार होतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. तो ढीग काही दिवस रस्त्यावर पडून राहतो, शेजारणीशी दोन शब्द होतात आणि एक दिवस ट्रॅक्टर बोलावून सगळं ओढ्याच्या काठाला टाकलं जातं. आजच्या बोलण्यात आम्ही या ढिगाचाच हिशेब मांडणार आहोत. त्यात आपले पैसे आहेत, आपल्या गावचं पाणी आहे आणि आपल्या लेकराबाळांचे पायही आहेत.

आधी ढीग मोजू

एक उदाहरण घेऊ. १५ फूट रुंद आणि २० फूट लांब असं जुनं दगडमातीचं घर आहे. भिंती दीड फूट जाड, ९ फूट उंच. चारी भिंतींची लांबी झाली ७० फूट. ७० गुणिले दीड गुणिले ९ म्हणजे ९४५ घनफूट. कोपरे दोनदा मोजले गेले ते आणि दाराची जागा वजा केली, तरी आठशेच्या वर घनफूट राहतात. आपल्याकडे १०० घनफुटांचा एक ब्रास धरतात, म्हणजे नुसत्या भिंतींचाच माल ८ ब्रासच्या वर गेला. बसलेली भिंत मोकळी केली की माती फुगते, म्हणून भरताना तो १० ब्रासपर्यंत जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण १ ब्रास माल बसतो. दहा-अकरा खेपा झाल्या. तुमच्या गावात एका खेपेला काय घेतात ते तुम्हाला माहीत आहे. गुणाकार करून बघा.

आता दुसरी बाजू बघा. घरकुल योजनेत घराचं क्षेत्रफळ कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असावं लागतं. त्याच्या जोत्यात दोन फूट भर घालायची तर ५ ब्रासच्या आसपास माल लागतो. म्हणजे एका हाताने आपण दहा खेपा भाडं देऊन बाहेर टाकतो आणि दुसऱ्या हाताने पाच खेपा मुरूम-डबर विकत आणतो. सपाट भागात प्रधानमंत्री आवास योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे, तेही हप्त्याहप्त्याने मिळणारं. त्यातून ही दुहेरी वाहतूक भागवणं परवडणारं नाही.

ओढ्यात टाकलं तर काय बिघडतं?

"एवढासा ढीग, पाणी घेऊन जाईल वाहून," असं बरेच जण म्हणतात. पाणी घेऊन जातं हे खरं, पण फार लांब नेत नाही. दगड-विटा पहिल्या वळणाला नाहीतर रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकतात. त्यावर काटक्या, प्लास्टिक, माती येऊन बसते आणि मोरी बुजते. पुढच्या मोठ्या पावसात पाणी मोरीतून जायचं सोडून शेजारच्या वस्तीत शिरतं. सखल भागात राहणाऱ्या घरांच्या चुलीत पाणी जातं. ज्यांनी ढीग टाकला ते बहुतेक वेळा वरच्या आळीत असतात, भोगतात खालच्या आळीतले.

दुसरं म्हणजे सिमेंट आणि चुना. ताज्या सिमेंटचं पाणी खारट-तिखट सोड्यासारखं असतं, ते कातडी भाजतं. घमेली, फावडी, मिक्सर धुतलेलं असं पाणी विहिरीच्या कडेला किंवा गुरं पाणी पितात त्या डोहात सोडू नये. मालाचे थर ज्या शेतात साचतात तिथे माती कडक होते आणि नांगराला खडे लागत राहतात.

२०१६ साली केंद्र सरकारने बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले. त्यांचा गाभा साधा होता: ज्याच्या कामातून राडारोडा निघाला, त्याचीच तो नीट ठेवण्याची जबाबदारी. काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, प्लास्टिक, विटा वेगवेगळं ठेवायचं, रस्ता अडवायचा नाही आणि गटारी-नाले तुंबवायचे नाहीत. मोठ्या शहरांत त्यासाठी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. आपल्या गावात तसं केंद्र नाही, पण शहरात नाही अशी एक सोय आपल्याकडे आहे. दगड, माती, वीट, लाकूड या प्रत्येकाला घ्यायला गावात कुणीतरी तयार असतं. फक्त माल एकमेकांत मिसळलेला नसावा लागतो.

पाडायच्या आधीचे दोन दिवस

जेसीबी लावला की तासा-दोन तासांत घर जमीनदोस्त होतं. पण त्यात सागाचा वासा मोडतो, कौलांचा चुरा होतो आणि माती, लाकूड, प्लास्टिक, काच यांचा एकच काला होतो. असा काला कुणालाच नको असतो. म्हणून यंत्र बोलवायचंच असेल तर ते शेवटी, फक्त भिंतींसाठी. त्याआधी दोन दिवस हाताने काम करावं.

पहिलं काम विजेचं. वीज कंपनीला सांगून जोडणी रीतसर बंद करून घ्यावी. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग दारं, खिडक्या, चौकटी काढाव्यात. नंतर छप्पर वरून खाली असं उतरवावं: कौलं किंवा पत्रे, मग वासे, मग आढं, मग तुळया. माळवद असेल तर आधी वरची माती खोऱ्याने उतरवावी, कारण त्या मातीचं ओझं फार असतं आणि ती असताना खालची तुळई काढली तर माणूस गाडला जातो. भिंत नेहमी वरून उतरवत यावी. खालून पोखरून ढकलायची घाई करू नये. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर त्याला दोन दिवस आधी सांगून, टेकू देऊनच हात लावावा.

धूळ बसावी म्हणून भिंतीवर पाणी शिंपडत राहावं. तोंडाला ओला रुमाल बांधावा, मास्क मिळाला तर तो जास्त चांगला. जुन्या भिंतीच्या सांदीत विंचू-साप असतात, म्हणून दगड उचलताना आधी पहारीने हलवावा, सरळ हात घालू नये. आणि मुलांना त्या दिवशी आजोळी नाहीतर शेजारी पाठवा. पडक्या घरात मुलांना खेळ दिसतो, आपल्याला खिळा दिसतो.

पाच ढीग

घर उतरवताना अंगणात पाच जागा खडूने किंवा राखेने आखून घ्या. लाकूड एकीकडे, दगड एकीकडे, विटा-कौलं तिसरीकडे, माती चौथीकडे. लोखंड, वायर, काच, प्लास्टिक पाचवीकडे. मजुरांना सकाळीच दाखवून ठेवा. एकदा मिसळलेला ढीग निवडायला बसलं तर जेवढी मजुरी जाते, तेवढा त्या मालाला भाव येत नाही. माल उतरतानाच वेगळा पडला तर जास्तीचा खर्च फारसा होत नाही.

लाकडाचं बघू. सागाची तुळई, चौकट, खांब यांना चांगला भाव येतो किंवा नव्या घरात वापरता येतात. लाकडावर हातोडीने ठोकून बघा. भरीव टणटण आवाज आला तर लाकूड आतून शाबूत आहे, भदभद आवाज आला तर वाळवीने किंवा भुंग्याने आतून खाल्लंय. खाल्लेलं लाकूड नव्या घराच्या जवळपासही ठेवू नका, ते जळणाला जाऊ द्या. मात्र रंग दिलेलं लाकूड चुलीत घालू नका. त्याचं कारण पुढे सांगतो. खिळे त्याच दिवशी उपटून एका डब्यात टाका. गंजका खिळा पायात गेला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला धावावं लागतं.

विटांमध्ये दोन प्रकार असतात. चुन्यात किंवा मातीत बांधलेली वीट थापीच्या दोन ठोक्यांत साफ निघते. सिमेंटमधली वीट बहुधा मोडते. साफ झालेली वीट परत वापरायची तर दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा काढा, सहज उमटू नये. अशी वीट न्हाणीघराच्या आडोशाला, कट्ट्याला, जोत्याला चालते. अर्धी-पाऊण वीट फेकू नका. स्लॅबवर गळती होऊ नये म्हणून जो कोबा करतात, त्यात विटांचे तुकडेच लागतात. गवंड्याला आधी सांगून ठेवलं तर तो तेवढे तुकडे बाजूला राखतो.

मंगलोरी कौलं शाबूत निघाली तर गोठ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर जातात. फुटलेली कौलं शोषखड्ड्यात उपयोगी पडतात.

मातीचं मात्र जरा जपून. आपल्याकडे जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतात नेण्याची रीत पूर्वीपासून आहे. जुन्या घराच्या भिंतीची, माळवदाची निव्वळ माती बांधावर, खड्डे पडलेल्या रस्त्यावर, शेताच्या सखल कोपऱ्यात जाऊ शकते. पण भिंतीचा तळचा दोन-तीन फुटांचा भाग बघा. तिथे पांढरा लोणा फुललेला असेल तर ती माती खारवट आहे, पिकात नको, रस्त्याच्या भरीला घाला. सिमेंटचा गिलावा, काच, खिळे असलेली माती शेतात कधीच नको.

जोत्यात काय भरायचं आणि काय नाही

जोत्याच्या भरीत दगड, विटांचे रोडे, जुन्या काँक्रीटचे फोडलेले तुकडे, मुरूम चालतो. हे सगळं एकदम ओतायचं नाही. अर्ध्या फुटाचा थर घालायचा, पाणी मारायचं, धुम्मसने ठोकून बसवायचं, मग पुढचा थर. पोकळ्यांत मुरूम किंवा वाळू जाईल असं बघायचं. नाहीतर वर्ष-दोन वर्षांत भर खाली बसते आणि फरशी तडकते.

काळी माती जोत्यात अजिबात नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, तुमच्या शेतातल्या भेगा आठवा. लाकडाचे तुकडे, भुसा, गवत, कागद, प्लास्टिक, कपडे हेही नको. लाकूड-भुशाला वाळवी लागते आणि ती पुढे नव्या चौकटीत चढते. जुन्या भिंतीच्या मातीत भुसा कालवलेला असतो, म्हणून ती माती बाहेर आणि दगड-रोडे आत, हे लक्षात ठेवा.

परत वापरू नये असं काही

बचत करायची म्हणजे सगळंच परत वापरायचं असं नाही. चार गोष्टींत हात आखडता घेऊ नका.

पहिली, जुनी सळई. गंजलेली, वाकवून परत सरळ केलेली सळई स्लॅबला, बीमला, कॉलमला वापरू नका. ती भंगारात विका किंवा वेलाच्या मांडवाला लावा.

दुसरी, गोल दगडांची मातीतली भिंत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. तिथली बरीच घरं जाड दगडमातीची होती आणि वर माळवदाचं जड ओझं होतं. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नव्हती, हादऱ्याने ती फाकली आणि छत खाली आलं. म्हणून जुना दगड पायात, जोत्यात सिमेंटच्या मालात वापरा. भिंतीत वापरायचाच असेल तर घडवलेला दगड, सिमेंटचा माल आणि थोड्याथोड्या अंतरावर भिंतीच्या दोन्ही बाजू धरून ठेवणारा लांब दगड, एवढं गवंड्याकडून करून घ्या.

तिसरी, सिमेंटचे पत्रे. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचा तंतू असतो. पत्रा अखंड आहे तोवर धोका कमी, पण तो फोडला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. त्याचे आजार वीस-तीस वर्षांनीही उद्भवतात. म्हणून पत्रा ओला करून, आकडे सोडवून अखंड उतरवावा. फुटलेले तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड बांधावं. त्याचा चुरा रस्त्याला, अंगणाला, भरीला घालू नये. अशी पोती कुठे ठेवायची ते ग्रामसेवकांना विचारूनच ठरवावं.

चौथी, जुना ऑइलपेंट. पूर्वीच्या रंगांत शिसं भरपूर असायचं. आता घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा कायदा आहे, पण तो २०१७ पासून लागू झाला. तुमची चौकट त्याआधीची असेल तर रंग कोरडा खरवडू नका, ओला करून खरवडा आणि पापुद्रे गोळा करा. रांगणारं मूल ते पापुद्रे तोंडात घालतं आणि शिशाने त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. रंगवलेलं लाकूड चुलीत घालू नका असं म्हटलं ते याचसाठी. भाकरीच्या धुरात शिसं नको.

वायर जाळून तांबं काढायची सवय तर सगळ्याच गावांत आहे. वायरच्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. भंगारवाला वायर सोलून घेतो किंवा तशीच घेतो. दोन रुपये कमी मिळाले तर मिळू द्या.

नव्या कामात कचरा कमी कसा होईल?

आता दुसऱ्या ढिगाकडे येऊ. हा ढीग विकत घेतलेल्या मालाचा असतो, म्हणून तो जास्त महाग.

वीट आली की ट्रॉली उलटून ओतू देऊ नका, हाताने उतरवून रचून घ्या. हजार विटांत पन्नास फुटल्या तर भावाने गुणून बघा, उतरवणाऱ्या दोन माणसांची मजुरी तेवढ्यात निघते का ते कळेल. वाळू-खडी थेट मातीवर टाकली तर तळचा थर मातीत जातो आणि पाऊस आला तर उरलेली वाहून जाते. खाली जुनी फरशी किंवा विटांचे तुकडे अंथरा, कडेला विटांचा एक थर लावा, वर ताडपत्री घाला.

सिमेंटला ओल लागली की ते पोत्यातच मरतं. सिमेंट घट्ट होतं ते वाळून नव्हे, पाण्याशी मिळून त्याची क्रिया होते म्हणून. एकदा ती क्रिया झाली की परत दळून, पाणी घालून काही उपयोग नाही. म्हणून पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब रचा, दहापेक्षा जास्त थर लावू नका, आणि आधी आलेलं पोतं आधी वापरा. तीन महिन्यांच्या पुढे ठेवलेल्या सिमेंटचा जोर कमी होतो. म्हणून हप्ता आला की सगळी पोती एकदम आणायचा मोह टाळा. कामाच्या टप्प्याप्रमाणे आणा.

माल कालवतानाही हेच. मातीवर कालवलेला माल खालून माती धरतो आणि काठाचा वाया जातो. लोखंडी पत्र्यावर किंवा पक्क्या ओट्यावर कालवा. तासाभरात संपेल एवढाच कालवा. जेवणाच्या सुट्टीआधी मोठा घोळ करू नका. सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पाणी मारून तो परत मऊ करतात, तो मऊ दिसतो पण त्याचा जोर गेलेला असतो. गिलावा करताना भिंतीच्या पायाशी फळी किंवा पोतं अंथरलं तर खाली पडलेला माल स्वच्छ राहतो आणि लगेच परत वापरता येतो.

यात एक अडचण असते, ती उघड बोलू. गवंडी ठेक्यावर असतो आणि माल आपला असतो. माल वाया गेला तर त्याच्या खिशातून काही जात नाही. आणि बाई बोलायला गेली की "मालकीणबाई, हे आमचं काम आहे, तुम्ही चहाचं बघा," असं ऐकावं लागतं. भांडण नको, पण ठेका ठरवतानाच तीन अटी सांगा: रोज संध्याकाळी पडलेला माल आणि तुकडे गोळा करायचे, वीट तोडण्याआधी तुकड्यांच्या ढिगात बघायचं, मालाचा घोळ तुमच्या सांगण्याने, पण तासाभराचाच. त्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. घरकुल बहुतेक ठिकाणी बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर मंजूर होतं. ज्या घराच्या कागदावर तुमचं नाव आहे, त्या घराच्या मालाबद्दल विचारायचा हक्क तुमचाच आहे.

रिकामी पोती आणि विटांचे तुकडे गावाच्या कामी

लहान घरालाही शंभराच्या आसपास सिमेंटची पोती लागतात. रिकामी पोती वाऱ्याच्या दिशेने पाठ करून, तोंड झाकून झटका. त्यात धान्य भरू नका, कितीही धुतली तरी शिवणीत सिमेंट राहतं. त्यांचा उत्तम उपयोग वनराई बंधाऱ्यासाठी आहे. पावसाळा संपताना ओढ्याची धार बारीक होते, तेव्हा पोती माती-वाळूने भरून, तोंड शिवून, विटांसारखी सांधे चुकवून ओढ्यात रचतात. मागे पाणी अडतं, जवळच्या विहिरींना पाझर मिळतो, गुरांना पाणी राहतं. दहा घरांची पोती एका गटाने जमवली तर एक बंधारा उभा राहतो. उन्हाने पोती फाटायला लागली की उन्हाळ्यात त्यांच्या चिंध्या मात्र गोळा करून घ्या.

विटांच्या आणि दगडांच्या तुकड्यांचा दुसरा उपयोग शोषखड्ड्याचा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं आणि डास हटवले, ते काम पुढे राज्यभर गाजलं. खड्डा साधारण ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल असतो. म्हणजे ६४ घनफूट, अर्ध्या ब्रासपेक्षा जास्त तुकडे तिथे जिरतात. खाली मोठे, वर लहान असे तुकडे घालायचे. वीट चांगली भाजलेली हवी, कच्ची वीट पाण्यात विरघळून खड्डा बुजवते. गिलाव्याचा चुरा आणि माती घालू नये. विहीर आणि हातपंपापासून ५० फूट तरी लांब ठेवावा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याचा. शौचालयाचा खड्डा रिकामाच ठेवायचा असतो, त्यात रोडे भरायचे नाहीत.

गटाने काय करावं?

एकट्या बाईला हे सगळं जमणं कठीण आहे, गटाला सोपं आहे. गटाच्या वहीत एक पान "घराचा माल" म्हणून काढा. कुणाकडे काय निघालंय आणि कुणाला काय हवंय, एवढंच लिहायचं. शांताबाईंकडे दोनशे कौलं आहेत आणि लताताईंना गोठा शाकारायचा आहे, ही भेट वहीत होते. ताडपत्री, मालाचा पत्रा, वाळूची चाळणी, पहार असं साहित्य गटाच्या पैशातून एकदा घ्या आणि नाममात्र भाड्याने फिरवा. लोखंड, वायर, भंगार चार घरांचं एकत्र विकलं तर वजनही बरोबर होतं आणि भावही बरा मिळतो.

यानंतरही थोडा माल उरतोच. तो कुठे टाकायचा हे गावाने ठरवायला हवं. नियमित ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होते, तिथे हा विषय घ्या. गावाच्या हद्दीतली पडीक खाण, खचलेला पाणंद रस्ता, शाळेच्या मैदानाचा खड्डा अशी एखादी जागा नेमून द्यावी आणि ओढा, तळं, स्मशान, गायरान इथे राडारोडा टाकायला बंदी घालावी, असा ठराव मांडा. ठराव तोंडी राहू देऊ नका, इतिवृत्तात लिहिलेला बघूनच सही करा. घरकुलाची यादी ग्रामपंचायतीत असते. या वर्षी किती घरं पाडली जाणार आणि कुठल्या रस्त्याला भर हवी आहे, ही दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली की गावाचा बराचसा प्रश्न तिथेच मिटतो.

मैत्रिणींनो, या आठवड्यात तीन कामं करा. ज्यांचं घर निघणार आहे त्यांनी टेप घेऊन जुन्या भिंती मोजा आणि किती ब्रास माल निघेल ते काढा. ज्यांचं काम चालू आहे त्यांनी आज संध्याकाळी गवंडी गेल्यावर खाली पडलेला माल, तुकडे, सळईचे कट्टे एकदा स्वतः गोळा करून बघा, किती भरतात ते. आणि बाकीच्यांनी पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत ते पान काढा. तुमच्या पानावर काय काय लिहिलं गेलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू आणि ज्या गावात कौलं हवी आहेत, त्या गावाला कौलं कुठे आहेत तेही सांगू.